घंटेवर जुळवलेला डेक

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. सास्तूरच्या नव्या गावात, तिसऱ्या ओळीतल्या घरात शिवकांता कलशेट्टी जमिनीवर बसल्या आहेत. समोरच्या पाटावर कॅसेटचा डेक आहे आणि त्याचं दार उघडं आहे. हातात जळून उरलेली उदबत्तीची काडी, काडीच्या टोकाला कापूस, कापसाला स्पिरिट. त्या काडी आत घालतात, हेडवरून अलगद फिरवतात आणि बाहेर काढून उजेडात धरतात. हेड म्हणजे तो चकचकीत तुकडा, ज्याला घासून कॅसेटची फीत पुढे सरकते आणि आवाज निघतो. कापूस तपकिरी झालेला असतो. तो फेकून त्या नवा गुंडाळतात. कापूस पांढरा बाहेर येईपर्यंत हे चालतं.

नवरा शांतलिंग चहाचा कप उंबऱ्याबाहेर ठेवून जातात. तो आत आणायची परवानगी नाही.

शिवकांताबाईंची पिठाची गिरणी आहे. दिवसभर ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ. दुपारपर्यंत पीठ त्यांच्या भुवयांवर, कानाच्या पाळीवर, पदराच्या प्रत्येक चुणीत बसलेलं असतं. पिठाचा एक कण हेडवर बसला की गाणाऱ्याचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा येतो. त्यामुळे डेकला हात लावायचा तो अंघोळ झाल्यावर, गिरणीचा खटका दाबायच्या आधी. गेल्या मार्गशीर्षात डेक घरी आला, तेव्हापासून हा नेम मोडलेला नाही.

हेडनंतर रबरी रोलर. तो फीत ओढतो. रोलर बोटानं फिरवत त्या चारी बाजूंनी पुसतात, पण त्याला स्पिरिट लावत नाहीत, कारण स्पिरिटनं रबर कडक होतं. साध्या पाण्यात भिजवून पिळलेला कापूस पुरतो. मग दार लावायचं, वरून मलमलीचं फडकं, फडक्यावर जुनी नऊवारी, आणि डेक परत लोखंडी ट्रंकेत.

एवढी निगा ज्या एका कॅसेटसाठी चालते, ती नव्वद मिनिटांची आहे. वीरभद्र स्वामी नावाच्या जंगमानं जुन्या सास्तुरात, महादेवाच्या देवळात बसून श्रावणात गायलेली पदं तिच्यात आहेत. काही मराठी, काही कानडी, सगळी त्यांनी स्वतः बांधलेली. शांतलिंग तेव्हा पंचविशीत होते. त्यांनी मेव्हण्याचा टेप मागून आणून रेकॉर्डिंग केलं. टेप परत करताना कॅसेट आतच राहिली. दोन वर्षांनी भूकंप झाला, घरात होतं ते घराखाली गेलं आणि विसरलेली कॅसेट उमरग्याला मेव्हण्याच्या कपाटात शाबूत राहिली. ती हातात परत आल्याबरोबर शिवकांताबाईंनी पहिलं काम केलं ते हे, की चाकूच्या टोकानं कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे तोडले. आता तिच्यावर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड होणार नव्हतं. फीत नंतर एकदा तुटली. ती त्यांनी नेलपॉलिशचा ठिपका देऊन जोडली. जोडावर आजही एक बारीक टक् ऐकू येतं.

या कॅसेटवर एक अख्खं भजनी मंडळ उभं राहिलं. नव्या गावात आल्यावर घेतलेला एक टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला डबा, घरात होता. शिवकांताबाई त्यावर एक ओळ लावायच्या, बंद करायच्या, ओट्यावर जमलेल्या बायका ती ओळ म्हणायच्या, मग पुढची. पेटीवर शांतलिंग. तेही या कॅसेटवरूनच पेटी शिकले. पुढं गाणारी अयोध्या. ती शेतकरी घरातली, शिवकांताबाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि तिचा आवाज मोकळ्या रानात वाढलेला. पदं पाठ करायची ती जशीच्या तशी, असा शिवकांताबाईंचा दंडक. त्यात दुसऱ्या पदात एक जागा आहे. स्वामी अंतऱ्याला चढतात, तेवढ्यात कॅसेटमध्ये देवळातली घंटा वाजते, स्वामी थांबतात आणि घंटेचा नाद विरल्यावर तीच ओळ पुन्हा उचलतात. मंडळातली प्रत्येक बाई तिथं थांबते. घंटा नसते, तरी थांबते.

मंडळ आजूबाजूच्या गावांत गायचं, लोक ऐकायचे, नारळ द्यायचे. सगळं बरं चाललं होतं, आणि दिवाळीनंतर निरोप आला.

वीरभद्र स्वामी आता ऐंशीच्या पुढं आहेत. कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका लहान मठात राहतात. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून गाणं बंद, बोलणंही बेताचं. त्या मठात शिवरात्रीला पहिलं पद म्हणायचा मान आजवर त्यांचाच होता. निरोप असा होता: सास्तूरच्या बायका माझी पदं गातात असं ऐकतो, माघात एकदा येऊन ऐकवा, पटलं तर शिवरात्रीचं पहिलं पद तुम्ही म्हणा.

त्या भागात गाणाऱ्या सगळ्यांना वीरभद्र स्वामींची एक सवय ठाऊक आहे. गाणं खटकलं की ते काही बोलत नाहीत, उजवा हात वर करतात. हात वर झाला की गाणाऱ्यानं थांबायचं आणि पेटी बांधायची.

शिवकांताबाईंना रात्रीची झोप लागेना. आवाजाची त्यांना काळजी नव्हती, टू-इन-वनची होती. तो आता मधूनच गुरगुरायचा, फीत आत गुंडाळून घ्यायचा. पुन्हा एकदा सगळी पदं नीट ऐकून बारकावे पक्के करायचे, तर चांगलं यंत्र हवं होतं. सुनेनं सुचवलं, मोबाइल आहे की. तिनं कधीच टू-इन-वनसमोर मोबाइल धरून कॅसेट उतरवून घेतली होती आणि मंडळातल्या सगळ्यांना पाठवली होती. त्या मोबाइलमधल्या पहिल्या पदाच्या मागं मिक्सर वाजतो आणि तिसऱ्यात एक कोंबडी अंडं घालते.

"कोंबडीसकट पाठ करू का?" शिवकांताबाईंनी विचारलं आणि जुना डेक शोधायला लागल्या.

नवीन डेक आता कुणी बनवत नाही, निदान त्यांच्या आवाक्यातला तरी. जुना मिळाला तो ढोकीत. तिथं दिलेल्या पुतणीनं कळवलं, की मंडप आणि लाऊडस्पीकरवाल्या अमरसिंहाच्या माळ्यावर एक पडून आहे. लग्नांत डीजे आला तेव्हापासून त्याला कुणी खाली काढलेलं नाही. शिवकांताबाई आणि शांतलिंग एसटीनं ढोकीला गेले. अमरसिंहानं माळ्यावरून डेक उतरवला, खिशातल्या रुमालानं पुसला आणि टेबलावर ठेवला. लोखंडी अंगाचा, रुंद, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा.

"मावशी, शोरूम कंडिशन हाय बघा."

"शोरूममदी कोळ्याचं जाळं असतंय का?"

अमरसिंहानं जाळंही पुसलं.

शिवकांताबाईंनी पिशवीतून बॅटरी काढली आणि डेकच्या तोंडात उजेड टाकला. हेडला खाच पडली आहे का ते बघितलं. बोट घालून रोलर दाबला. तो तुकतुकीत आणि कडक होता, म्हणजे बदलायचा. मग हरवली तरी चालेल अशी एक कॅसेट घातली. सुरू, बंद, मागं, पुढं, बाहेर. बाहेर काढल्यावर फितीचं वेटोळं लोंबतंय का ते बघितलं. शेवटी आवाज पार बंद केला आणि चालू डेकच्या पत्र्याला कान लावला. गिरणीचा पट्टा सटकायला लागला की पीठ जाड यायच्या आधी आवाज बदलतो, हे त्यांना तीस वर्षांच्या धंद्यानं शिकवलंय. डेकच्या आतले दोन रबरी पट्टे हाताच्या बोटाएवढे असले, तरी सटकताना तसेच कुरकुरतात.

"पट्टे गेलेत," त्या म्हणाल्या. "मोटर चांगली हाय."

"बैल घेताना म्या एवढे दात बघितले न्हाईत," शांतलिंग अमरसिंहाला म्हणाले.

"म्हनूनच मागला बैल बसका निघाला," शिवकांताबाईंनी डेकवरचा कान न काढता उत्तर दिलं.

दुसरा चहा होईस्तोवर भाव ठरला. ढोकीहून धाराशिव, तिथून लोहारा, तिथून सास्तूर, असा प्रवास डेकनं गोधडीत गुंडाळून शिवकांताबाईंच्या मांडीवर केला. कंडक्टरनं गोधडीकडं बघून विचारलं, "लेकरू का?"

"व्हय. जड हाय."

"मंग तिकीट?"

"बोलायला लागल्यावर काढते."

लोहाऱ्यात सिदूचं दुकान आहे. पुढं मोबाइलच्या काचा बदलतात, मागच्या खोलीत मात्र त्याच्या वडिलांच्या काळापासूनचे टेप आणि रेडिओ रचून ठेवलेत. त्यानं मागवलेले पट्टे यायला आठवडा गेला. पट्टे बदलले, रोलर बदलला, आत तेलाचा थेंब दिला.

"मावशी, आता ह्यो नातवाच्या लग्नापातुर वाजतंय. फकस्त पिठापासून लांब ठिवा."

डेकला स्वतःचा स्पीकर नसतो. तो ॲम्प्लिफायरला जोडावा लागतो, आणि गावात चांगला ॲम्प्लिफायर आहे महादेवाच्या देवळात. त्यामुळे ओट्यावरची तालीम देवळाच्या मंडपात गेली. पहिल्या सोमवारी सगळ्या बायका जमल्या. सोमवारी सास्तुरात बरेच जण बैलांच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, आणि शिवकांताबाईंची गिरणीही त्या दिवशी बंद असते. त्यांनी कॅसेट घातली, बटण दाबलं.

स्पीकरमधून एक तरुण, टोकदार, घाईत असलेला माणूस गायला लागला.

"ह्ये कोन गायलंय?" अयोध्यानं विचारलं.

"स्वामीच की."

"स्वामी? कुनी मागं लागलंय का त्येंच्या?"

शिवकांताबाईंनी कॅसेट काढून घरी जाऊन टू-इन-वनवर लावली. तिथं तेच स्वामी रमतगमत, खोल आवाजात गात होते. पट्टा ढिला झाला की फीत हळू ओढली जाते, आवाज खाली येतो, चालही मंदावते. हे त्यांना लगेच कळलं. टू-इन-वनचा पट्टा एका दिवसात ढिला झाला नव्हता. वर्षानुवर्षं तो कणाकणानं सैल होत गेला आणि त्याच्या मागोमाग सगळं मंडळ कणाकणानं खाली उतरलं. कुणाला पत्ता लागला नाही, कारण उतरताना सगळ्या बरोबर होत्या.

इथपर्यंत त्यांचं बरोबर होतं. चूक पुढं झाली. त्यांनी हिशेब असा केला: टू-इन-वन जुना, ढिला, प्लास्टिकचा. डेक भारी, लोखंडी, पट्टे नवे, रोलर नवा. टू-इन-वन चुकतोय, म्हणजे डेक बरोबर आहे. आणि ज्या बाईनं जसंच्या तसं हा दंडक एवढी वर्षं चालवला, तिनं तो आता डेकच्या बाजूनं चालवला. महिनाभरात सगळी पदं डेकच्या सुरात आणि डेकच्या चालीत बसवायची.

मंडळ पेटीवर पांढरी तीनमध्ये गायचं. डेक काळी चारवर निघाला. ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर ओसरीवर उभ्या माणसानं एकदम माळवदावर चढून उभं राहावं एवढा तो फरक. शांतलिंगना पट्ट्या बदलाव्या लागल्या.

"माझी बोटं पांढरीवर वाढल्यात," ते कुरकुरले. "आता म्हातारपनी त्येंनला काळं काय दाखवायलीस?"

बोटं तरी हळूहळू वळली. गळे वळेनात. वरच्या जागी अयोध्याचा आवाज फाटायला लागला. दोघीतिघींनी घसा बसल्याचं सांगून यायचं सोडलं. एका सोमवारी दुसऱ्या पदाच्या अंतऱ्यात अयोध्या मधेच थांबली.

"अक्का, आमी गायलाव का पळायलाव?"

"स्वामी असंच गायलेत."

"स्वामी गायलेत का तुमचा डेक गायलाय?" तिनं कमरेचा मोबाइल काढून वर धरला. "आमचं गानं ह्यात हाय. ह्यातच ऱ्हाऊ द्या."

"त्येच्यात कोंबडी हाय."

"कोंबडी असू दे. कोंबडी निदान सुरात हाय."

बायका हसल्या. शिवकांताबाई हसल्या नाहीत. अयोध्या चपला घालून निघून गेली आणि पुढच्या सोमवारी आली नाही. ती नसली तर मंडळ म्हणजे नुसते मागून ओळ ओढणारे झिलकरी, हे सगळ्यांना कळत होतं. शांतलिंगनी सुचवलं, मठात जाऊन स्वामींनाच विचारावं, मूळ सूर कोणता.

"परीक्षेच्या आदी मास्तरला पेपर मागायचा व्हय?" शिवकांताबाई म्हणाल्या. "आन् इचारलं म्हंजे आपलं आपनच सांगितलं की, आमाला म्हाईत न्हाय."

माघ लागला होता. त्या सोमवारी मंडपात चार बायका होत्या. शिवकांताबाईंनी तरी कॅसेट लावली. इरम्मा मंडप झाडत होत्या. देवळाची झाडलोट आणि सकाळ-संध्याकाळची घंटा जुन्या गावापासून त्यांच्याकडं आहे, माहेर हद्दीपलीकडचं, म्हणून अर्धं बोलणं कानडी. टू-इन-वनवरची तालीम ओट्यावर व्हायची, तेव्हा त्यांच्या कानावर ही कॅसेट फारशी पडलेली नव्हती; मंडपातल्या तालमीआधीही त्या झाडलोट उरकून घरी गेलेल्या असायच्या, त्या दिवशी त्यांना उशीर झाला होता. दुसरं पद अंतऱ्याला चढलं, कॅसेटमधली घंटा वाजली, स्वामी थांबले. इरम्मांचा झाडूही थांबला.

"इदु नम्म गंटे अल्ल," त्या म्हणाल्या. मग मराठीत, "ही घंटा आमची न्हाय. कुन्या गावची हाय?"

"आपलीच हाय, आज्जी. जुन्या देवळातली."

"खुळी का काय तू? जुनीच तर हितं टांगलीय. म्या रोज वाजवते. ही शेळीच्या गळ्यातली हाय."

जुन्या देवळातून काढून नव्या देवळात आणलेल्या वस्तू थोड्या, आणि पितळेची घंटा त्यांतली एक. शिवकांताबाई उठल्या. घंटेखाली गेल्या, आतला लोलक धरून एकदा वाजवली. मग डेकपाशी येऊन फीत मागं घेतली आणि कॅसेटमधली घंटा लावली. पुन्हा जाऊन खरी वाजवली. गिरणीच्या दगडांना टाकी मारून घेतल्यावर पहिला घास दळताना त्या जशा मान वाकडी करून ऐकतात, तशी मान वाकडी झाली होती. घंटेला पट्टा नाही, रोलर नाही. ती ढिली होत नाही. कॅसेटमध्ये वाजली तेव्हा जो सूर होता, तोच आज.

शांतलिंगना घरून टू-इन-वन आणायला पाठवलं. त्यावरची घंटा खाली बोलली.

"ही म्हशीच्या गळ्यातली," इरम्मांनी निकाल दिला.

म्हणजे डेकही चुकत होता. टू-इन-वन जेवढा खाली, तेवढाच डेक वर, आणि खरं कुठंतरी मधे. शिवकांताबाईंनी मंडपातूनच सिदूला फोन लावला.

"सिदू, डेक जोरात पळायलाय."

"मोटरच्या पाठीला बारीक भोक असतंय, मावशी. रबराचं बूच काढा, आत स्क्रू हाय. चष्म्याचा स्क्रू फिरवायचा पेचकस घ्या. उलटा फिरवला की हळू व्हतंय."

"ह्ये आदी का न्हाय सांगितलंस?"

"गिऱ्हाइकाला सांगितलं की त्ये रोज फिरवत बसतंय. आन् फास्ट हाय का स्लो, म्या कशाशी लावून बघू? मला तुमचे स्वामी कुठं ठावं हाईत?"

दुसरा फोन ढोकीला. अमरसिंहानं काहीही लपवलं नाही. "व्हय, म्याच वाढवलेलं. वरातीत गाणं जरा पळतं लावलं की मानसं पुढं सरकत्यात. न्हायतर नवरदेव मारुतीपाशीच तासभर नाचतंय. लगीन टायमावर लावायचं असतंय, मावशी. का, काय झालं?"

"काय न्हाय. आमची बी वरातच निघाली व्हती."

त्या दुपारी देवळात जे झालं त्याला तालीम म्हणता येणार नाही. डेकचा पत्रा उघडा. शिवकांताबाई पेचकस घेऊन वाकलेल्या. शांतलिंग घंटेखाली उभे. इरम्मा खांबाला टेकून, डोळे मिटून.

"वाजवा."

घंटा. मग कॅसेटमधली घंटा.

"अजून शेळी," इरम्मा म्हणाल्या.

पेचकस केसभर फिरला. फीत मागं. "वाजवा." घंटा. कॅसेटमधली घंटा. "आता म्हैस." पुन्हा केसभर उलटं. शांतलिंगचा हात दुखायला लागला, त्यांनी तो बदलला. रस्त्यानं जाणारे दोघंतिघं आत येऊन विचारून गेले, आज काय विशेष. किती वेळ गेला ते कुणी बघितलं नाही. एकदा घंटा वाजली, तिच्या पाठोपाठ कॅसेटमधली वाजली, आणि दोन्हींचे नाद एकमेकांत असे मिसळले की कोणता कुठं संपला ते कळेना. इरम्मांनी डोळे उघडले आणि झाडू उचलला. शिवकांताबाईंनी भोकावर बूच बसवलं आणि पद सुरुवातीपासून लावलं. शांतलिंगनी पेटीवर सूर शोधला.

"काळी तीन," ते म्हणाले.

संध्याकाळी शिवकांताबाई अयोध्याच्या घरी गेल्या. अयोध्या अंगणात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"माझा डेक चुकला," शिवकांताबाई म्हणाल्या.

"डेक का तुमी?"

"दोघं बी."

"आन् माझा मोबाइल?"

"त्यो बी चुकला. खाली हाय."

अयोध्यानं दोनदा सूप झटकलं. "कोंबडी?"

"कोंबडी बी खालीच हाय, अयोध्या."

"मंग बरं. म्हंजे सगळीच चुकली." तिनं सूप ठेवलं. "कितीवर हाय?"

"काळी तीन. तुला जमतंय. जुन्यापेक्षा थोडं वर, माज्या खुळेपनापेक्षा थोडं खाली."

पुढचे सोमवार पुरले नाहीत, म्हणून गुरुवारीही तालीम झाली. घसा बसलेल्यांचे घसे सुटले.

मंडळी मठात गेली ती एका दुपारी. जीप केली होती, डेक घरीच होता. वीरभद्र स्वामी मंडपात लाकडी बाकावर बसलेले, गळ्याभोवती पांढरं उपरणं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. फक्त शांतलिंगकडं बघून एक बोट पेटीच्या दिशेनं हलवलं. सूर दाखवा. शांतलिंगनी काळी तीन दाबली. स्वामींनी डोळे मिटले आणि मान एकदा खाली-वर केली. शिवकांताबाईंनी मांडीवर टाळ घट्ट धरले होते. पकड सैल झाली.

पहिलं पद पार पडलं. स्वामी हलले नाहीत. दुसरं सुरू झालं. अयोध्या अंतऱ्याला चढली, सगळ्या तिच्या मागं चढल्या, आणि त्या जागेवर सगळ्या एकदम थांबल्या.

स्वामींनी उजवा हात वर केला.

शांतलिंगनी भात्यावरचा हात काढून घेतला. मागं कुणीतरी टाळ खाली ठेवले.

"इथं का थांबता?" स्वामींचा आवाज खरवडलेला होता.

अयोध्या बोलली.

"तुमीच थांबलाव्हता की, स्वामी."

"मी?"

"कॅसेटमदी. तितं घंटा वाजती, तुमी थांबता, मंग फिरून म्हन्ता. आमी तसंच शिकलाव."

स्वामी तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. घशातून आवाज फारसा निघत नव्हता, त्यामुळे ते हसतायत हे कळायला वेळ लागला.

"कुणीतरी उशिरा आलेला भक्त होता," ते म्हणाले. "ऐन अंतऱ्यात येऊन घंटा बडवली. मला राग आला, म्हणून थांबलो." त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. "त्या रागाला तुम्ही तालात बसवलंत."

"काढून टाकू का?" शिवकांताबाईंनी विचारलं.

स्वामींनी थोडा विचार केला. "राहू द्या. बरा दिसतो तिथं." हात खाली आला होता. त्याच हातानं त्यांनी पुढं चालू ठेवायची खूण केली. सगळी पदं झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "शिवरात्रीला लवकर या. पहिलं पद तुमचं आहे."

परतीच्या जीपमध्ये उमरगा मागं पडल्यावर अयोध्या म्हणाली, "अक्का, त्यो उशिरा आल्याला भक्त कोन आसंल?"

शांतलिंग खिडकीबाहेर बघत होते. "म्याच त्यो," ते म्हणाले. "टेप चालू करून म्या तंबाखू आनायला गेलतो. येताना देवाला हात जोडले, घंटा वाजवली. सवयीनं."

सगळी जीप त्यांच्याकडं वळली.

"आन् ह्ये एवढी वर्सं सांगितलं न्हाईत?" शिवकांताबाई म्हणाल्या.

"तू इचारलंस कुठं? तू म्हनालीस, जसंच्या तसं."

ही गोष्ट आता सास्तुरात सगळ्यांना माहीत आहे, आणि शांतलिंग देवळात शिरले की कुणीतरी त्यांना घंटा जपून वाजवायला सांगतं.

शिवरात्र अजून व्हायची आहे. शिवकांताबाईंनी डेक ट्रंकेत ठेवून कडी लावली आहे आणि बाहेर गार झालेला चहा उचलला आहे. आज रविवार, गिरणीपुढं डबे आत्ताच लागलेत. रबर थंडीत आकसतं, उन्हात सैल पडतं, म्हणून पट्ट्यावर त्यांचा विश्वास एका आठवड्यापुरताच असतो. पेचकस कॅसेटच्या डबीतच असतो. उद्या सोमवार, गिरणी बंद. देऊळ सातला उघडतं. साडेसातला इरम्मा घंटा वाजवतील, शिवकांताबाई कॅसेटमधली घंटा लावतील, आणि दोन्ही जुळल्या असं इरम्मांनी म्हटल्यावर तालीम सुरू होईल. ती नऊला संपते.